गाडीवर अँटेना लावण्याचे सामाजिक परिणाम

पनवेलला लागून असलेल्या सुकापूरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर आहे. पांढरे ढोल, मनगटाएवढ्या केबली आणि दिवसरात्र घुरघुरणारं एक लोखंडी कपाट, असा त्याचा भरलेला संसार. त्याच गच्चीवर मला एक तांब्याची तार बांधायची होती. साडी वाळत घालतात तशी, या टाकीपासून त्या टाकीपर्यंत. सोसायटीच्या सभेत विषय निघाला तेव्हा सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मॅडम, रेडिएशनचं काय?"

मी वर बोट केलं. "आणि ते?"

"ते कंपनीचं आहे," सेक्रेटरी म्हणाले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. गेली कित्येक वर्षं मुलांना विद्युतचुंबकीय लहरी शिकवल्या. त्या सभेत मला पहिल्यांदाच कळलं की लहरी दोन प्रकारच्या असतात. कंपनीच्या लहरी शिस्तीत वर जातात आणि ढगांत विरतात. माझ्या तारेच्या लहरी मात्र जिन्याने खाली उतरून थेट तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या गुडघ्यात शिरणार होत्या. आजोबांचे गुडघे माझ्या तारेआधी दहा वर्षं दुखत होते, पण ते काही पुराव्यात घेण्यात आलं नाही. ठराव नामंजूर झाला. त्यानंतर चहा झाला.

हा सगळा उद्योग मी का आरंभला, तेही सांगते. मुलगी शिकायला बंगलोरला गेली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही. नवरा होता, आहे. पण तो बातम्या बघतो, आणि बातम्या बघणाऱ्या माणसाशी बोलायचं तर आधी स्टुडिओत जाऊन बसावं लागतं. अशात कॉलेजच्या ग्रंथालयात हॅम रेडिओवरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. हॅम रेडिओ म्हणजे सरकारची परीक्षा द्यायची, कॉलसाइन नावाचं एक सांकेतिक नाव मिळवायचं, आणि मग मधे कुठलीही कंपनी न घेता, आपल्याच सेटवरून, जगातल्या दुसऱ्या एखाद्या अशाच रिकामटेकड्याशी बोलायचं. मला हे फार आवडलं. परीक्षा दिली, पास झाले.

लायसन हातात येण्याआधी चौकशीला एक हवालदार घरी आले. भले गृहस्थ होते.

"कोणाशी बोलणार?" त्यांनी विचारलं.

"जो भेटेल त्याच्याशी."

"म्हणजे ओळखीचं कोणी नाही?"

"नाही."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जाता जाता माझ्या नवऱ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं.

लायसन आलं तसा मी एक हातात धरायचा छोटा सेट घेतला आणि बाल्कनीत उभी राहून पुकारा सुरू केला. तीन दिवस कोणीही उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी सेटमधून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "बाई, आपण ओरडताय. हा रेडिओ आहे, डोंगर नाही."

ही माझी काकांशी झालेली पहिली भेट. काका म्हणजे जुन्या पनवेलमधले एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातले गृहस्थ. उमेदीची वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते, आता एकटेच राहत. बायको गेलेली, मुलं परदेशी, नातेवाईक बहुतेक सगळे इस्रायलला. त्यांचं मराठी माझ्याहून शुद्ध होतं आणि मत माझ्याविषयी फारसं चांगलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी दार उघडून आधी माझ्या हातातल्या सेटकडे पाहिलं. "हे खेळणं," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "या, बसा."

त्यांची जुनी इमारत पाडून तिथे नवी उभी राहत होती. तोवर ते मागच्या गल्लीत एका भाड्याच्या खोलीत होते. घरमालकाची अट अशी की भिंतीला खिळासुद्धा मारायचा नाही. माझ्याशी ते बोलले होते ते खिडकीतल्या अशाच एका खेळण्यावरून, त्याचा पल्ला गावापुरता. पलंगाखाली त्यांचा मोठा सेट खोक्यात बांधून ठेवलेला होता आणि त्यावर कांदे-बटाट्याची टोपली होती. मी सेटकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"तीस वर्षं दर रविवारी चार वाजता त्याच्याशी बोलत होतो," ते म्हणाले.

तो म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र. पनवेलचाच, विशीत इस्रायलला गेलेला. तिकडे त्यानेही लायसन घेतलं आणि पुढे तीस वर्षं हे दोघे दर रविवारी समुद्र आणि वाळवंट ओलांडून मराठीत भांडत आले. इमारत पडली, अँटेना उतरली, भांडण थांबलं.

"पण व्हॉट्सअॅपवर बोलता येतं ना?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू पापलेट उकडून खाण्याचा सल्ला दिला होता. "तिथे तो मला नातवंडं दाखवतो. फोन फिरवून फिरवून दाखवतो. मला नातवंडं नकोत, बाई. मला तो हवा."

मी घरी येताना विचार करत होते. त्यांना गच्ची नाही, मला गच्ची नाही. पण माझ्याकडे एक अकरा वर्षं जुनी छोटी गाडी होती, आणि गाडीला सभा नसते, सेक्रेटरी नसतो. गाडीतून रेडिओ चालवायचा रीतसर मार्ग असतो. त्यासाठी जे अर्ज करायचे ते मी केले, आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागायला हवा होता तेवढा लागला. म्हणजे आंब्याचा एक मोसम येऊन गेला.

मग गाडीसाठी घेतलेला नवा सेट बसवायचा कार्यक्रम. काकांनी एका पाठकोऱ्या कागदावर आकृती काढून दिली. सेटचं धूड ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली. त्याचा बटणांचा चेहरा काढता येतो, तो डॅशबोर्डवर. वीज थेट बॅटरीतून, दोन्ही तारांना बॅटरीजवळच फ्यूज. अँटेना डिकीच्या दाराच्या कडेला क्लॅम्पने पकडलेली. तो कागद घेऊन मी हायवेलगतच्या एका गाडी-इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने कागद उलटा धरून वाचला.

"मॅडम, एफएमच ऐकायचं ना?"

"नाही. बोलायचं आहे."

"मग ब्लूटूथ टाकून देतो. आवाज एकदम क्लियर."

मी त्याला सगळं समजावलं. त्याने कॉलेजातल्या मुलांसारखंच ऐकलं, म्हणजे नजर माझ्यावर आणि मन गॅरेजबाहेर. शेवटी म्हणाला, "तार बॅटरीतून कशाला आणायची? लाइटरच्या सॉकेटमध्ये लावू. सगळे तिथेच लावतात." मी म्हटलं, हा सेट बोलताना वीस अँपियर ओढतो, तुझा लाइटर वितळेल. "वितळला तर नवीन टाकू," तो अतिशय प्रेमाने म्हणाला. शेवटी मी स्वतः बोनेटमध्ये डोकं घातलं आणि तो बाजूला उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "मॅडम पोलिसात आहेत."

अँटेना लागली तेव्हा गाडी आपल्या वयाला न शोभणारी दिसू लागली. डिकीवर सात फुटांची काळी काठी, मधे गुंडाळीचा फुगा, वर स्टीलची मिशी. तिचे परिणाम त्याच दिवशी सुरू झाले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरताना मिशीने ट्यूबलाइट खाली आणली. टोलनाक्यावर एकाने सॅल्यूट केला. नवऱ्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "आता हिच्यात भाजी आणता येईल ना?" मग स्वतःहून एक भेट आणली, समोरच्या काचेला लावायचा कॅमेरा. एवढी महागडी काठी लावली आहे तर चोरीचा पुरावा हवा, हा त्याचा हिशेब. मला बरं वाटलं. लग्नानंतर त्याने माझ्या एखाद्या छंदासाठी काही आणण्याची ही पहिलीच वेळ.

आणि एका रविवारी दुपारी मी काकांना त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीत घेतलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्याचं बटण लावून उभे होते. मांडीवर स्वतःचे जुने हेडफोन, रुमालात बांधलेले. पनवेलमध्ये तर प्रत्येक दुकानाच्या पाटीतून, प्रत्येक चार्जरमधून रेडिओला खरखर येते. शांत जागा हवी म्हणून मी आपटा गावाजवळ पाताळगंगेच्या काठाची एक जागा हेरून ठेवली होती. झाड, सावली, नदी, सगळं एखाद्या दिनदर्शिकेवर असतं तसं.

गाडी लावली, सेट सुरू केला. सेटमधून असा आवाज आला, जणू कोणी जगातले सगळे पापड एकाच वेळी तळायला काढले आहेत.

काकांनी हेडफोन काढले, डोळे मिटून क्षणभर ऐकलं, आणि हात पुढे करून माझ्या नवऱ्याच्या कॅमेऱ्याची पिन उपटली. निम्मे पापड थांबले.

"हे कोणी लावलं?"

"मिस्टरांनी."

"अस्सं," काका म्हणाले. त्यांनी पिन माझ्या हातात ठेवली.

उरलेले निम्मे पापड मात्र तळत राहिले. इंजिन बंद केलं, पंखा बंद केला, दोघांचे मोबाइल बंद केले. चार वाजले, सव्वाचार झाले. काका शांतपणे मित्राचं कॉलसाइन पुकारत होते आणि मधे मधे थांबून ऐकत होते. साडेचारला त्यांनी हेडफोन रुमालात बांधले. परतताना म्हणाले, "तुमचं ड्रायव्हिंग बरं आहे." सांत्वन करायला दुसरं काही त्यांना मिळालं नसावं.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच जागा, पुन्हा तेच पापड. मी मीटर काढून गाडीच्या भोवती फिरत होते. तेवढ्यात गावातले एक वयस्क गृहस्थ, डोक्यावर टॉवेल, हातात कोयता, शेताच्या बांधावरून आले आणि काठीकडे बघत उभे राहिले.

"काय मोजताव तुमी?" त्यांनी विचारलं.

"मोजत नाही हो बाबा, रेडिओ आहे."

"मागं बी एक असाच आलता काठी घेवून. तो बी आदी कायतरी येगलंच बोलला. आन् मंग नोटीस आली." त्यांनी कोयता एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आता हितून काय जातंय? रस्ता का रेल्वे?"

पनवेलच्या आसपास कोणी काहीही लांबट घेऊन शेतात उभं राहिलं, की त्याच्या मागोमाग रस्ता, रेल्वे, विमानतळ यांपैकी काहीतरी येतंच. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्यांना लायसनची प्रत दाखवली. त्यांनी ती न वाचता परत दिली, कारण नोटीससुद्धा छापीलच असते. शेवटी काका गाडीतून उतरले आणि म्हणाले, "अहो, माझा दोस्त आहे परदेशात. त्याच्याशी बोलायचंय. पण फार खरखर आहे."

गृहस्थ पहिल्यांदा हसले. "हितं? हितं कसा लागंल? वर बगा ना."

मी वर पाहिलं. झाडाच्या फांद्यांमागून, बरोब्बर आमच्या डोक्यावरून, उच्च दाबाच्या विजेच्या सहा तारा पलीकडच्या कारखान्यांकडे गेल्या होत्या.

"आमचा साधा रेडिओ बी नाय लागत वायरीखाली," ते म्हणाले. "तिकडं वरच्या माळाला जावा. तिकडं काय नाय."

दरवर्षी मी बोर्डावर विजेच्या तारेभोवतीचं क्षेत्र रंगीत खडूने काढते. बाण फार सुबक येतात माझे. दोन रविवार त्याच बाणांच्या पोटात गाडी उभी करून मी दोष गाडीत शोधत होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते जास्त लागलं.

माळावर गेलो. सेट सुरू केला आणि पापड गायब. इतकं शांत, की मला वाटलं सेट बंद पडला. मग त्या शांततेतून, दूरच्या विहिरीतून यावा तसा, एक आवाज वर आला. इंग्रजीत कोणाशी तरी बोलत होता, पण सूर रायगड जिल्ह्याचा.

"तोच," काका म्हणाले.

त्यांनी पुकारलं. पुन्हा पुकारलं. तो ऐकायला थांबायचा, म्हणायचा, "कोणीतरी आहे, कळत नाही," आणि पुन्हा दुसऱ्या कोणाशी बोलायला लागायचा. आम्हाला तो ऐकू येत होता, आम्ही त्याला नाही. समोर उभं राहून खिडकीच्या काचेवर हात आपटावेत तसं झालं. मीटर सांगत होतं की सेट देतो त्यातली बरीच शक्ती अँटेना घेतच नाही, परत फेकते. काकांनी डिकीचं दार हलवून पाहिलं, बिजागरी चाचपली. "दार रंगवलेलं आहे, बाई. बिजागरीला गंज. अँटेनाला जमीन मिळत नाही. सबंध गाडीचा पत्रा तिच्या पायाखाली यायला हवा."

त्या आठवड्यात मी दाराचा रंग खरवडला आणि तांब्याच्या विणलेल्या पट्टीने दार गाडीच्या सांगाड्याला जोडलं. पार्किंगमधून जाणाऱ्या सेक्रेटरींनी थांबून विचारलं, "मॅडम, गाडी विकताय का?"

तिसऱ्या रविवारी माळावर पोचलो तेव्हा ते टॉवेलवाले गृहस्थ आधीच तिथे बसले होते. नुसतं बघायला, म्हणाले. चारला दोन मिनिटं कमी असताना काका सीटवर ताठ बसले. शर्टाची बाही नीट केली. समोरच्याला दिसणार नव्हतं काही. माइक तोंडाशी नेला आणि एकदाच, अगदी सावकाश, दोन्ही कॉलसाइन म्हटली.

सेटमधून आवाज फुटला. "अरे! कुठे होतास इतके दिवस?"

काकांनी बटण दाबलं. नुसतंच दाबून धरलं. मग म्हणाले, "तुझा सिग्नल पाच-पाच, अगदी स्वच्छ. हवा बरी आहे. माझा कसा येतो? ओव्हर."

"तुझा फालतू येतोय. कसली अँटेना आहे, छत्री? ओव्हर."

एवढ्या अर्जांनंतर, एका ट्यूबलाइटच्या बलिदानानंतर आणि तीन रविवारच्या पेट्रोलनंतर दोन जिवलग मित्र काय बोलले? अँटेना किती फुटांची. बॅटरी किती व्होल्टची. तिकडे ऊन किती, इकडे किती. गुडघा डावा की उजवा. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मला हसूही येत होतं आणि नाकही शिंकरावंसं वाटत होतं.

टॉवेलवाल्या गृहस्थांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "कुठनं बोलतंय तो?"

"इस्रायलहून," मी कुजबुजले.

"आन् मराटी बोलतंय?"

"पनवेलचा आहे."

"मंग बराबर," ते म्हणाले, आणि त्यांचा सगळा संशय फिटला. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून आपला मोबाइल काढून पाहिला. "आमाला तं हितं रेंज बी नाय."

काकांनी माइक माझ्याकडे दिला. "यांची गाडी आहे. बाई शिक्षिका आहेत," असं त्यांनी सांगितलं होतं. चार हजार किलोमीटरवरून, आकाशाच्या वरच्या थरावर आपटून खाली आलेला माझ्यासाठीचा पहिला प्रश्न असा होता, "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मराठी माणूस कुठेही गेला तरी आधी हेच विचारणार. मी म्हटलं, सासर पेणचं, माहेर पनवेलचंच.

"मग सांगा," तो म्हणाला, "आमच्या पनवेलच्या इस्रायल तळ्यात पाणी आहे का अजून?"

"आहे."

"पुष्कळ?"

मी आठवून पाहिलं. शेवटची तिथून गेले होते तेव्हा मी सिग्नल सुटायची वाट बघत होते, तळ्याकडे नाही. "आहे, बरंच आहे," मी म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी कॉलेजातून येताना वाट वाकडी करून बघून आले. होतं. बरंच म्हणता येईल इतकं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. काकांची नवी इमारत उभी राहिली आहे. गच्चीवर तार बांधू देऊ, असं बिल्डरने तोंडी सांगितलं होतं आणि ते तोंडीच राहिलं, कारण गच्चीवर आता सोलर पॅनेल आणि बाग होणार आहे. बागेत बसायला बाक असतील. तार चालणार नाही, बागेची शोभा जाते. तेव्हा आमचा माळ चालूच आहे. टॉवेलवाले गृहस्थ कधी काकडी घेऊन येतात, कधी नुसतेच.

गेल्या महिन्यात दोन रविवार तिकडून उत्तर आलं नाही. काका पुकारत राहिले. पहिल्या रविवारी म्हणाले, हवा खराब असेल. दुसऱ्या रविवारी हवा उत्तम होती, सगळं जग ऐकू येत होतं, आणि काकांनी अंधार पडेपर्यंत हेडफोन काढले नाहीत. फोन लावायचं त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. पण रेडिओवर न आलेल्याला फोन करणं म्हणजे आपण पडतं घेणं. मी एकदा म्हटलं, "मी लावते." ते म्हणाले, "गाडी काढा."

तिसऱ्या रविवारी माळावर गाडीत आम्ही तिघे होतो, कारण गृहस्थांनाही काळजी लागली होती. चार वाजता काकांनी पुकारलं, आणि लगेच, मधे श्वाससुद्धा न घेता, उत्तर आलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी आराम सांगितला होता. सांगायचं राहून गेलं.

काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बटण दाबलं आणि ज्या आवाजात ते बोलले, त्याला सेटची गरज नव्हती, आपट्याच्या माळावरून तो नुसताच पोचला असता. "मोतीबिंदू डोळ्यात होता ना रे? मग तोंडाला काय झालं होतं? ओव्हर!"

पलीकडून बराच वेळ फक्त हसणं येत राहिलं.

मी लॉगबुक उघडलं. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी भरली. शेरा लिहायच्या रकान्यात लिहिलं, प्रकृतीची विचारपूस.